शेवटच्या गाडीपूर्वीचे विद्यापीठ

महाविद्यालयीन जीवन म्हटले की पुण्यामुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे वसतिगृहांच्या रांगा, मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या नाटकाच्या तालमी आणि चहाच्या पेल्यांवर रंगणारे कट्टे उभे राहतात. परंतु नांदेड जिल्ह्याच्या सरहद्दीवर, मांजरेच्या परिसरात तेलंगणाला खेटून वसलेल्या बिलोलीसारख्या तालुक्यात जो कोणी हे चित्र शोधू जाईल, त्याला सायंकाळी पाचच्या सुमारास बसस्थानकाकडे लगबगीने निघालेली मुलेमुली तेवढी दिसतील, आणि येथे विद्यार्थीजीवन नावाची काही वस्तूच नाही, असा ग्रह करून घेऊन तो परत फिरण्याचा संभव आहे. हा ग्रह चुकीचा आहे. येथील विद्यार्थीजीवन आहे, आणि ते सकसही आहे. मात्र त्याचे घड्याळ एस. टी. महामंडळाच्या वेळापत्रकावर लावलेले असते, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याचे स्वरूप कळत नाही.

एक तृतीयांश भाड्यात मिळणारा विद्यार्थी पास दप्तरात जपून ठेवणाऱ्या आणि खेड्यावरून रोज जाऊन-येऊन शिकणाऱ्या या वर्गाला आपल्याकडे 'अप-डाऊनवाले' असे म्हणतात. बिलोली, देगलूर, नायगाव, धर्माबाद या तालुक्यांतील महाविद्यालयांत त्यांचा भरणा मोठा असतो. सकाळी शेतातले वा घरातले काम उरकून निघावे, तासिका कराव्यात आणि गावाकडची शेवटची गाडी चुकू न देता परतावे, असा त्यांचा क्रम. मग तालीम करावयाची केव्हा, भित्तिपत्रक चिकटवावयाचे केव्हा, आणि वादविवादाची तयारी करावयाची केव्हा? शेवटची तासिका संपल्यापासून शेवटची गाडी सुटेपर्यंत जो तास-दीड तास उरतो, त्यात. त्या तासाभरात जे शिकले जाते ते कोणत्याच अभ्यासपत्रिकेत नाही; आणि तरीही पदवीच्या कागदाइतकेच ते आयुष्यभर पुरते, असे आम्हांस वाटते.

या मुलखाचे विद्यापीठ म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ होय. औरंगाबादेस १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र विभागून १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे हैदराबाद मुक्तिदिनाच्या मुहूर्तावर, नांदेडजवळ विष्णुपुरीच्या माळावर ते स्थापन झाले, आणि डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे १९९९ साली परभणीतून वेगळा निघालेला हिंगोली, अशा चार जिल्ह्यांची महाविद्यालये त्यास संलग्न आहेत. संलग्नतेच्या या पद्धतीत विद्यापीठाच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना विद्यापीठाचा परिसर वर्षानुवर्षे दृष्टीसही पडत नाही. त्यांच्यापर्यंत विद्यापीठ पोहोचते ते परीक्षेचे हॉलतिकीट आणि गुणपत्रिका या कागदांच्या रूपाने. आणि तिसऱ्या, अधिक जिवंत रूपाने, ते पोहोचते युवक महोत्सव, सेवा योजनेचे शिबिर, क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन यांतून. बिलोलीच्या मुलाला विद्यापीठ प्रथम भेटते ते बहुधा या तिसऱ्या वाटेवर.

हे सारे अभ्यासाबाहेरचे उपक्रम म्हणजे शिक्षणाच्या ताटातली चटणी-कोशिंबीर, असली तर बरी, नसली तरी पोट भरतेच, असे मानणारे पालक आणि प्राध्यापक दोन्ही वर्गांत आढळतात. अन्यत्र हे मत क्षणभर मान्य करता येईल. मराठवाड्यात ते करता येत नाही, कारण चार माणसांनी एकत्र जमणे हीच गोष्ट या प्रदेशात फार उशिरा आणि मोठे मोल देऊन मिळालेली आहे.

निजामी अंमलात सार्वजनिक सभा भरवावयाची तर 'गश्ती निशान ५३' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकान्वये सरकारची परवानगी आधी काढावी लागे. अशा स्थितीत लोकांनी जमावयाचे ते ग्रंथालयाच्या निमित्ताने, गणेशोत्सवातील मेळ्याच्या निमित्ताने, कीर्तनाच्या निमित्ताने. उच्च शिक्षणाची वाट तर याहून अरुंद होती. रियासतीचे एकमेव विद्यापीठ म्हणजे १९१८ साली हैदराबादेत निघालेले उस्मानिया. त्याचे माध्यम उर्दू. मराठी मुलखात औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज काय ते जवळचे. नांदेडकडच्या मुलाला पदवी हवी असेल तर त्याने हैदराबादेच्या वसतिगृहात जाऊन राहावे आणि परक्या भाषेत सारे विषय शिकावेत, हाच मार्ग होता.

आणि याच वसतिगृहांत, १९३८ च्या हिवाळ्यात, मराठवाड्याच्या विद्यार्थीजीवनातील पहिले मोठे प्रकरण घडले. औरंगाबादच्या आणि पाठोपाठ उस्मानियाच्या वसतिगृहांतील विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. तेव्हा शेकड्यांनी मुलांची नावे हजेरीपटावरून कमी करण्यात आली. घरची गरिबी, वर्ष वाया गेलेले, आणि रियासतीत दुसरे विद्यापीठ नाही, अशा पेचात सापडलेल्या या मुलांना नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या पुढाकाराने, आपले दार उघडून दिले. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच नागपूरच्या वाटेने गेलेल्यांपैकी एक. येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्यावरून हे सारे घडले तो प्रसंग वर्गातला नव्हता, परीक्षेतला नव्हता. दिवस मावळल्यावर वसतिगृहात चार मुलांनी एकत्र बसून म्हटलेले ते एक गीत होते. राज्यकर्त्यांना अभ्यासक्रमाचे भय वाटले नाही. भय वाटले ते अभ्यासक्रमाबाहेरच्या त्या घटकेचे.

विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे ते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे शिक्षक. हैदराबादचा मुक्तिसंग्राम संपल्यावर त्यांनी १९५० साली नांदेड एज्युकेशन सोसायटीमार्फत नांदेडला पीपल्स कॉलेज काढले, आणि त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत पुढे मिलिंद नावाने ख्यात झालेले महाविद्यालय सुरू केले. एकाच सालात निघालेल्या या दोन संस्थांनी, ज्या घरांत कागदावर सहीसुद्धा कोणी केलेली नव्हती अशा घरांतील मुलांना व्यासपीठावर उभे केले. पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. वर्गात जितके, त्याहून अधिक ते सभागृहांत, गावोगावच्या व्याख्यानमालांत आणि कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरांत शिकवीत. आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत त्यांना मृत्यू आला तोही व्यासपीठावरच. ज्या मुलखात सभेला परवाना लागत असे, त्या मुलखात एका पिढीच्या आत सभा हीच मोठी पाठशाळा झाली, हे परिवर्तन लहान नव्हे.

अर्थात विद्यार्थ्यांनी आपली सभा आपण भरवावी ही कल्पना मराठी मुलखाला याहून जुनी. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी १८४८ साली, म्हणजे मुंबई विद्यापीठ अस्तित्वात येण्याच्या नऊ वर्षे अगोदर, एक विद्यार्थी सभा काढली. निबंध वाचावेत आणि त्यांवर चर्चा करावी, एवढाच तिचा प्रारंभीचा हेतू. तिच्या मराठी शाखेस उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा म्हणत आणि दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. परंतु निबंध वाचता वाचता स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला, आणि दादाभाई नौरोजींसारख्या तरुणांनी नुसत्या ठरावावर न थांबता १८४९ साली मुलींच्या शाळा उघडून स्वतःच सकाळी विनावेतन शिकवावयास प्रारंभ केला. विद्यार्थ्यांच्या मंडळाचे खरे सामर्थ्य यात दिसते: ज्याची सुरुवात वाचनाने होते त्याची अखेर कृतीत होऊ शकते, परंतु त्यासाठी आधी जमावे लागते.

आता आजच्या महाविद्यालयाकडे वळू. साधारणतः श्रावणाच्या सुमारास वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ आदी मंडळांची उद्घाटने होतात, भित्तिपत्रकाचा पहिला अंक काचेआड लागतो, आणि पावसाळा ओसरत असताना युवक महोत्सवाचे वारे वाहू लागतात. या महोत्सवांचे मूळ १९५४ साली केंद्रीय शिक्षण खात्याने नवी दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात भरविलेल्या आंतरविद्यापीठ युवक महोत्सवात आहे. आज संगीत, नृत्य, वाङ्मय, रंगभूमी आणि ललितकला अशा पाच शाखांची त्याची रचना रूढ आहे. महाविद्यालयाचा संघ विद्यापीठाच्या महोत्सवात उतरतो. नांदेडच्या विद्यापीठात त्यास 'ज्ञानतीर्थ' असे समर्पक नाव आहे. तेथे निवडलेले कलावंत महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवात जातात, जो २००३ पासून भरतो, आणि दुसऱ्या शिडीने पश्चिम विभागाच्या व तेथून राष्ट्रीय महोत्सवात. बिलोलीचा मुलगा या शिडीच्या पहिल्या पायरीवर उभा राहतो तेव्हा त्याच्यापाशी ध्वनियंत्रणा नसते, नेपथ्य नसते, दिग्दर्शकाचे मानधन तर नसतेच. म्हणून स्पर्धेच्या नियमांची काटकसर त्याच्या पथ्यावर पडते. प्रहसनाला दहा मिनिटे आणि सहा माणसे, मूकाभिनयाला पाच मिनिटे आणि सहा माणसे: एवढे तर कोणत्याही वर्गात बाके भिंतीला सारून साधता येते.

या मूकाभिनयाचाच तपशील जरा जवळून पाहण्यासारखा आहे. बिलोली हा तीन भाषांचा तालुका. बाजारात मराठी, अनेक घरांत तेलुगू, जुन्या दगडी मशिदीच्या आसपासच्या मोहल्ल्यांत उर्दू, आणि तिन्हींची सरमिसळ बसस्थानकावर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शेजारच्या देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्राकडे गेली आणि बाकीचा भाग मुंबई राज्यात आला. सीमा कागदावर निघाली, परंतु सोयरिकी आणि सण तिला जुमानीनात. नवरात्राच्या सुमारास या भागातील तेलुगू घरांत बतुकम्माची फुले रचली जातात आणि शेजारची मराठी मुलगी त्या फेरात सहज मिसळते. अशा घरातून आलेल्या मुलाला वक्तृत्वस्पर्धेत उभे केले तर त्याच्या मराठीतील एखादा उच्चार ऐकून मागच्या बाकावर हशा पिकतो, आणि तो पुढच्या खेपेस नाव देत नाही. मूकाभिनयात मात्र भाषाच नसते. काळे कपडे, चेहऱ्यावर पांढरा रंग, आणि हातांनी उभी केलेली विहीर, हातांनीच ओढलेला दोर, रिकामीच वर आलेली घागर. जो वक्तृत्वात मागे राहिला तोच येथे पुढे येतो, 'असे नाही, अस्से' म्हणून दोर ओढताना खांदा कसा झुकतो ते बाकीच्या पाचांना दाखवितो, आणि कालपर्यंत हसणारे त्याचे मुकाट्याने अनुकरण करू लागतात. कारण दुष्काळात दोर ओढलेला खांदा त्यांच्यात त्याचाच असतो. पाच मिनिटांच्या त्या खेळाला पारितोषिक मिळो वा न मिळो, वर्गातील मानाची उतरंड त्या सायंकाळी बदललेली असते.

पारितोषिकाशी संबंधच नसलेला दुसरा उपक्रम म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर करावे, असा तिचा नेम. कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्र हे तिचे बोधचिन्ह. हिवाळ्यात एखाद्या दत्तक गावाच्या शाळेत किंवा मंदिराच्या सभामंडपात हे शिबिर उतरते. पहाटे प्रभातफेरी, न्याहरीनंतर श्रमदान, दुपारी बौद्धिक, तिसऱ्या प्रहरी घरोघर पाहणी, रात्री गावकऱ्यांसमोर मनोरंजन, असा दिनक्रम. श्रमदानात बहुधा ओढ्यावर वनराई बंधारा घालतात: सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरावयाची, तोंडे शिवावयाची, आणि वीट बांधतात तसे सांधे चुकवून पोत्यांचे थर रचावयाचे, म्हणजे पाण्याला सरळ फट सापडत नाही. पोती भरावयास ज्यांना घरी शिकावे लागले, ती शेतकऱ्यांची मुले येथे गुरू ठरतात. ज्यांनी कधी खोरे धरले नाही त्यांच्या तळहातांना पहिल्या दिवशी फोड येतात आणि तिसऱ्या दिवशी त्याविषयी कोणी बोलेनासे होते. अप-डाऊन करणाऱ्या मुलाच्या आयुष्यात शेवटच्या गाडीची धास्ती नसलेले सलग सात दिवस बहुधा हेच पहिले. म्हणूनच शिबिराच्या निरोपाच्या दिवशी जे अश्रू येतात त्यांची थट्टा करू नये.

या सवयीची किंमत संकटात कळते. १९७३ च्या दुष्काळात सेवा योजनेने 'दुष्काळाविरुद्ध युवक' हाच विषय हाती घेतला होता. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर दमून झोपलेल्या किल्लारी परिसरावर भूकंप कोसळला, तेव्हा ढिगारे उपसावयास, अन्नवाटपाच्या रांगा लावावयास आणि याद्या करावयास महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून जे लोक धावले, त्यांत विद्यार्थ्यांची पथके होती. घाबरलेल्या माणसांची नावे शांतपणे, न चुकता लिहून घेणे ही कला वाटते तितकी सोपी नाही. ज्याने शिबिरात कुटुंबपाहणीचे तक्ते भरले आहेत त्याला ती येते.

फेब्रुवारीत स्नेहसंमेलन येते, ज्याला सारे गॅदरिंग म्हणतात. पूर्वी त्यातील शेलापागोटे हा भाग हमखास असे: निनावी चिठ्ठ्यांतून एकमेकांना पदव्या बहाल करावयाच्या आणि प्राध्यापकांनीही त्या हसून स्वीकारावयाच्या. विनोद कोठे संपतो आणि बोचणी कोठे सुरू होते, याची पारख शिकविणारी ती एक शाळाच होती. परंतु मुलींच्या वाट्याला त्यात पुष्कळदा बोचणीच येई, आणि आता अनेक ठिकाणी ही प्रथा मागे पडली याचे दुःख करण्याचे कारण नाही. मुलींच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळाच आहे. तालीम संपावयास अर्धा तास उशीर झाला तर मुलगा मित्राच्या दुचाकीवर जाईल. मुलीला मात्र घरी जाब द्यावा लागेल, आणि दुसऱ्या दिवसापासून तालीम बंद. ज्या प्राध्यापिका तालमीची वेळ एस. टी.च्या वेळेशी जुळवून घेतात आणि पालकांशी स्वतः बोलतात, त्यांच्या संघात मुली टिकतात. सांस्कृतिक धोरण म्हणतात ते येथे इतके साधे असते.

प्रतिनिधित्वाची कथा मात्र खेदाची आहे. एके काळी राज्यातील महाविद्यालयांत थेट निवडणुका होत; जी. एस. कोण होणार यावर गावात पैजा लागत. पुढे पैसा आणि दंडेली यांचा शिरकाव झाला, १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थ्याचा खून झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने प्रतिनिधी निवडावयाचा तो गुणवत्तेच्या यादीवरून, अशी तजवीज केली. २००६ साली लिंगडोह समितीने ७५ टक्के हजेरीची अट आणि उमेदवाराला ५,००० रुपये खर्चाची मर्यादा सुचविली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने थेट निवडणूक कायद्यात पुन्हा आणली. परंतु तिची अंमलबजावणी पुनःपुन्हा लांबणीवर पडत आली आहे. पहिला आलेला मुलगा हुशार असतो यात वाद नाही; परंतु ज्याला मते मागावी लागत नाहीत, त्याला गाऱ्हाणी ऐकावी लागत नाहीत, हेही तितकेच खरे.

येथे कोणी म्हणेल की, शेजारच्या लातूरने अभ्यासाबाहेरच्या या उपक्रमांच्या नेमकी उलट वाट धरून यश मिळविले. लातूर पॅटर्नची शिस्त, सराव परीक्षांचे सातत्य आणि प्राध्यापकांची मेहनत यांनी मराठवाड्यातील मुलांना वैद्यकीय व अभियांत्रिकीची दारे उघडून दिली, आणि मागासलेपणाच्या गंडातून एका प्रदेशाला बाहेर काढले. त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तथापि त्या पद्धतीचे आद्य पुरस्कर्ते गणले जाणारे वाघमारे हेच नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, हा योगायोग सूचक वाटतो. गुण मिळविणे ही एकट्याने करावयाची गोष्ट आहे आणि ती जमली पाहिजे. परंतु त्या गुणांवर डॉक्टर झालेला तरुण उद्या एखाद्या तालुक्याच्या रुग्णालयात येईल, तेव्हा दहा जणांना एकत्र आणून काम करून घेण्याची विद्या त्याने कोठून आणावी?

त्या विद्येचा प्रारंभ फार मामुली असतो. तासिका संपल्या आहेत. चौघे-पाच जण जिन्याखाली उभे आहेत. त्यांतील एकीने वहीचे पान फाडून गुडघ्यावर धरले आहे. 'प्रति, मा. प्राचार्य', खाली 'विषय : तालमीसाठी सभागृहाची किल्ली मिळणेबाबत', आणि मग 'महोदय'. 'मिळणेबाबत' की 'मिळण्याबाबत' यावर थोडा वाद होतो, अखेर सर्वांच्या सह्या होतात. तेलुगू घरातल्याची, मोहल्ल्यातल्याची, तांड्यावरच्याची. शंभर वर्षांपूर्वी याच मुलखात चार माणसांना जमावयाचे असेल तेव्हाही अर्जच लिहावा लागे, आणि तो वाचणाऱ्याचे काम नकार देणे हे असे. आज शिपाई पाटीवर नाव लिहून घेऊन किल्ली हातावर ठेवतो आणि एवढेच बजावतो की, गाडीच्या आधी परत आणून द्या.